यादीत नसलेली गोळी

बुटात मूठ-मूठ राजमा भरून लखनौच्या आलमबाग चौकात उभं राहायची हौस कुणाला असेल? डॉक्टर कौमुदी सबनीस हिला होती. २०१४ सालच्या डिसेंबरातली दुपार. मेट्रोसाठी रस्ता उभा-आडवा खणलेला, पत्र्याच्या कुंपणातल्या एवढ्याशा फटीतून माणसं, टेम्पो आणि एक सांड एकदमच वाट काढतायत, आणि ही बया रस्त्याच्या कडेला ठाण मांडून उभी. बुटात राजमा, कानात कापसाचे बोळे, चष्म्याच्या काचांवर व्हॅसलीन, दोन्ही गुडघ्यांना करकचून बँडेज, आणि वरून आईची जुनी शाल डोक्यावरून घेऊन तोंडाला गुंडाळलेली. खरं वय एकोणतीस. पण लांबून बघणाऱ्याला पंचाहत्तरच्या खाली वाटली नसती!

वेडीबिडी नव्हती हो. महिन्याभरात ती सहा तरुण डॉक्टरांना शिकवायला घेणार होती, की म्हाताऱ्या माणसाला तपासायचं कसं. त्यातला पहिला धडा हा... आधी स्वतः म्हातारे होऊन बघा. पायाला टोचतं, ऐकू येत नाही, दिसतं ते धुरकट, गुडघा वाकत नाही, आता चाला! आणि जे आपण केलं नाही ते पोरांना करायला लावायचं नाही, हा तिचा हट्ट. म्हणून ती दहा मिनिटं नुसती उभी राहून लोक किती वेळा धक्का देतात ते मोजत होती. सातवर आकडा पोचला होता.

तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड धरला.

“आइए अम्माजी, आइए! डरिए मत, मैं हूँ न!”

कानातल्या कापसातूनही आरपार गेला तो आवाज. कौमुदीने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण बुटातल्या राजम्याने दगा दिला आणि ती कळवळली. त्या भल्या माणसाला वाटलं, अम्माजी घाबरल्या. त्याने दुसराही दंड धरला, एक हात उंचावून टेम्पो थांबवला, सांडाला “हट्” केलं आणि तिला जवळजवळ उचलूनच रस्त्यापलीकडे नेऊ लागला.

“हात आहे की सांडशी!” कौमुदी चष्म्यावरून त्याच्याकडे बघत शालीतल्या शालीत करवादली. “काय माणूस आहे! एवढा देखणा चेहरा दिलाय देवाने, आणि अक्कल द्यायची राहून गेली...”

तो रस्त्याच्या मधोमध थबकला. “आजी... तुम्ही मराठी?”

आता थबकायची पाळी कौमुदीची होती. तिने शाल खाली ओढली, चष्मा काढला, कानातले बोळे उपटले. समोर तिशीतला एक उंच मुलगा तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होता. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ.

“आजी?” ती म्हणाली.

“नाही, म्हणजे... मला वाटलं...” त्याची भंबेरी उडाली. मग त्याच्या डोळ्यांत हळूच हसू आलं. “चेहऱ्याबद्दल काहीतरी म्हणालात ना आत्ता?”

“अकलेबद्दल म्हणाले.”

“ते नाही ऐकू आलं.”

ते कसेबसे पलीकडे पोचले. कौमुदीने कमरेवर हात ठेवले. “आता मला सांगा, मला पलीकडे जायचं होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी त्या बाजूला नुसती उभी होते! विचारलंत का एकदा तरी?”

“विचारलं असतं तर ऐकू आलं असतं का? कानात कापूस होता की.”

उत्तर बिनतोड होतं, म्हणून तिला जास्तच राग आला. त्याने नाव सांगितलं, देवदत्त खरे. “लखनौचे खरे नव्हे, साताऱ्याचे. इथे कायस्थांतही खरे असतात, म्हणून लोक मला त्यांच्यातला समजून स्थळं घेऊन येतात.”

“मग? पडलं का एखादं पसंत?”

“आजपर्यंत तरी नाही,” तो म्हणाला, आणि ‘आजपर्यंत’वर जरा जास्तच रेंगाळला.

मग त्याने विचारलं, परत पलीकडे सोडू का. हात पुढे केला, पण या वेळी धरला नाही... नुसता पुढे केला. कौमुदीला आता चांगलं दिसत होतं, ऐकू येत होतं, एकटीला सहज जाता आलं असतं. तरी तिने तो हात धरला. राजमा टोचत होता ना! असं तिने स्वतःला सांगितलं.

हे झालं गमतीचं. पण कौमुदीच्या डोक्यावर टांगती तलवार होती, ती काही गंमत नव्हती.

ती दिल्लीला दोन वर्षं वृद्धांचं वैद्यक शिकून आली होती. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीच्या बाजूला असलेल्या ज्या मेडिकल कॉलेजात ती नोकरी करत होती, तिथे आठ खाटांचा एक वॉर्ड तिने भांडून मिळवला होता. अख्खं कॉलेज त्याला ‘बुढ़वा वॉर्ड’ म्हणायचं. तिचं म्हणणं एकच : पेशंट म्हातारे होत चाललेत आणि आपण डॉक्टरांना शिकवतोय चाळिशीच्या माणसांवर. प्रत्येक नव्या डॉक्टरला सहा आठवडे या वॉर्डात शिकू द्या. विभागप्रमुख डॉक्टर रस्तोगी खवट नव्हते, पण हिशेबी होते. त्यांनी सांगितलं, “सहा लोग, छह हफ़्ते। अट्ठाईस फरवरी को कमेटी बैठेगी। एक मरीज़ सामने रखना और दिखाना कि इन छहों ने ऐसा क्या सीखा जो बाक़ी नहीं जानते। दिखा दिया तो कोर्स पक्का। नहीं तो आठों बेड दिलवाले ले जाएँगे।” दिलवाले म्हणजे हृदयविभाग. त्यांचे लोक एव्हाना येऊन खाटांची मापंसुद्धा घेऊन गेले होते, मेले!

जानेवारीच्या मध्यावर सहा जण रुजू झाले. त्यांच्यात झेबा नावाची अमीनाबादची एक चुणचुणीत मुलगी होती, बोलायला कमी आणि डोळ्यांनी तेज. वॉर्डाचे दोन नियम कौमुदीने फळ्यावर लिहून ठेवले. एक, पहिली दहा मिनिटं फक्त म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं, नातेवाईक गप्प. दोन, घरात जी जी गोळी, पुडी, बाटली, मलम असेल ते सगळं पिशवीत भरून आणायचं आणि टेबलावर ओतायचं. यादी चालणार नाही. “यादी माणूस आठवणीने करतो,” ती सांगायची, “आणि आठवण आपल्या सोयीची असते.”

पहिल्याच मंगळवारी दार उघडून कोण आत यावं? देवदत्त खरे! बरोबर त्याचे वडील, बाळकृष्ण खरे, वय चौऱ्याहत्तर.

“तुम्ही?” दोघं एकदमच म्हणाले.

म्हातारा खुर्चीत बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. साताऱ्याला एसटीत डेपो मॅनेजर म्हणून नोकरी केलेला माणूस. दीड वर्षापूर्वी बायको गेली, तेव्हा देवदत्तने त्यांना जानकीपुरमला स्वतःकडे आणलं. ऑक्टोबरपासून सगळं बिघडलं होतं. दिवसा झोपायचे, नावं विसरायचे, दोनदा बाथरूममध्ये पडले. कुणा डॉक्टरने सांगून टाकलं, भूलने की बीमारी है, अब ऐसे ही चलेगा.

“काका, काय त्रास होतोय?” कौमुदीने विचारलं.

“त्यांना ना, सकाळी—” देवदत्तने सुरुवात केली.

“मी काकांना विचारलं.”

“हो हो. पण ते सांगणार नाहीत, त्यांना—”

“झेबा, इनको बाहर चाय पिलाओ।”

“मी चहा पीत नाही.”

“मग पाजा कुणालातरी! पण दहा मिनिटं बाहेर.”

तो गेला, जाताना दारातून एकदा वळून बघितलंन, आणि कौमुदीच्या हातातलं पेन उगाचच खाली पडलं. झेबाने ते उचलून दिलं, चेहरा अगदी कोरा ठेवून.

दहा मिनिटांनी देवदत्त आला तो हातात एक कागद घेऊन. सुबक टाइप केलेली यादी. नऊ औषधं, त्यांची रासायनिक नावं, मात्रा, वेळा, कधी सुरू केली ती तारीख. कौमुदी बघतच राहिली. तो जानकीपुरमच्या सरकारी औषध संशोधन केंद्रात वैज्ञानिक होता; औषधं हाच त्याचा धंदा.

“पिशवी?” तिने विचारलं खरं, पण आवाजात जोर नव्हता.

“पिशवीत हेच असणार ना? हवी तर आणतो. पण मॅडम, मी दिवसभर रेणू मोजतो, बाबांच्या गोळ्या मोजता येणार नाहीत का मला?” असं म्हणून तो हसला.

आणि इथे आमच्या कौमुदीने माती खाल्ली. म्हणाली, “राहू दे. तुमची यादी चालेल.”

झेबाने मान वर करून एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे.

मग काय, दर मंगळवारी वडिलांना दाखवायला आणि दर शनिवारी पोरांना औषधांबद्दल चार गोष्टी सांगायला देवदत्त येऊ लागला. जानकीपुरम शहराच्या एका टोकाला, हे कॉलेज दुसऱ्या टोकाला. मध्ये अख्खं लखनौ. “वाटेतच होतं,” तो म्हणायचा. शिकवायला आलेला मनुष्य एकदा स्वतःच बुटात राजमा घालून वॉर्डात लंगडला, तेव्हा आठही खाटांवरचे म्हातारे खोकेपर्यंत हसले. कौमुदीच्या आईने, पद्माताईंनी, दोनदा विचारलं, शनिवारी केसांना एवढा वेळ का लागतो गं तुला?

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी भर दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी होती, तिच्या पत्र्याखाली दोघं अडकले. पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता. टपरीवाल्या भैयाने पेरूच्या फोडींवर काळं मीठ भुरभुरून पुढे ठेवलं. थंडीने कौमुदीचे दात वाजायला लागले, तशी देवदत्तने आपली मफलर काढली... हातातच धरून उभा राहिला.

“देऊ का?”

“विचारायला शिकलात म्हणायचं.”

“चांगली मास्तरीण मिळाली.” त्याने मफलर तिच्या खांद्यावर ठेवली. बोटं क्षणभर तिथेच राहिली. तिने मान वळवली नाही, पण पेरूची फोड तोंडाशी नेता नेता हात थांबला. “कौमुदी... एक बोलायचं होतं.”

“बोला ना.”

तो पावसाकडे वळला. “बाबा मला काल ‘साहेब’ म्हणाले. ‘साहेब, माझा मुलगा कुठे असतो?’ असं विचारलं मला.” “आणखी काय करू मी? सांगा ना!”

तिने त्याचा हात घट्ट धरला. तिला रडू येत होतं, आणि तिला हा माणूस फार, फार आवडत होता, आणि आपण त्याच्या बापासाठी काहीच करू शकत नाही याची लाजही वाटत होती. तिने तिथल्या तिथे ठरवलं, काकांना वॉर्डात दाखल करून घ्यायचं. आणि डॉक्टर रस्तोगींना ती केस कळली, तेव्हा ते म्हणाले, “बस, अट्ठाईस को यही मरीज़।”

काका तीन नंबरच्या खाटेवर आले. औषधं यादीप्रमाणे सुरू. दोन दिवस झाले, चार झाले, सुधारणेचं नाव नाही. बाराव्या तारखेला सकाळी राउंडला सहाही पोरं खाटेभोवती उभी होती. देवदत्तही होता. कौमुदी समजावून सांगत होती, की हा आजार असाच वाढत जातो.

“मॅडम,” झेबा मध्येच म्हणाली. कधी मध्ये न बोलणारी मुलगी! “हमने इनका थैला कभी देखा नहीं।”

“लिस्ट है न।”

“जी। मगर आपने ही बोला था, लिस्ट नहीं चलेगी।” ती काकांच्या शेजारी स्टूल ओढून बसली, त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड आणून सावकाश म्हणाली, “बाबूजी, बेटा रोज़ कौन-सी गोली खिलाता है? मुझे भी दिखाइए।”

मग त्यांनी स्वेटरच्या आतल्या बंडीच्या खिशात हात घातला आणि पिवळ्या गोळ्यांची एक चुरगळलेली पट्टी काढली. “ही... सर्दीची. आमच्या देवदत्तने ठेवायला दिलीय. जेवण झालं की एक.”

देवदत्तचा चेहरा पांढराफटक पडला. “ती... ती तर शिंकांसाठी... ऑक्टोबरात धुळीने शिंका येत होत्या म्हणून मीच... ते काय औषध आहे होय? ती मी यादीत नाही...” आणि वाक्य अर्धवटच राहिलं, कारण त्याचं त्यालाच कळलं होतं. सर्दीची जुन्या पद्धतीची गोळी. तरुण माणसाला नुसती पेंग आणते. म्हाताऱ्याच्या मेंदूला झोपवून टाकते. त्यात लघवीसाठी चालू असलेली यादीतली चौथी गोळीही त्याच जातीची; ती एकटी असती तर निभावून गेलं असतं. दोन्ही मिळून चार महिने त्या माणसाचं डोकं बधिर करत होत्या.

“मी औषधं करतो,” देवदत्त म्हणाला. “आणि मीच बाबांना...” तो तडक वॉर्डाबाहेर निघून गेला.

कौमुदीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं. तरी ती पोरांकडे वळली आणि हिंदीत म्हणाली, “चूक त्यांची नाही, माझी आहे. नियम मी केला आणि मीच मोडला. झेबा, थँक यू. दोन्ही गोळ्या आजपासून बंद.”

गोळ्या बंद झाल्या म्हणून माणूस लगेच उठून बसत नाही. हातात होते सोळा दिवस. देवदत्त रोज यायचा, वडिलांजवळ बसायचा, कौमुदी दिसली की मान खाली घालायचा. तिने एकदा हाक मारली, तर म्हणाला, “तुमचा कोर्स बुडाला तर माझ्यामुळे बुडेल.” आणि गेला. तिचा जीव नुसता तुटत होता. पाचव्या दिवशी काका दुपारी जागे राहिले. आठव्या दिवशी त्यांनी झेबाला नावाने हाक मारली. अकराव्या दिवशी देवदत्त आला, तर म्हातारा खेकसला, “देवा, दाढी का नाही केलीस? काय अवतार हा!” आणि तो एवढा मोठा मुलगा खाटेच्या दांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. कौमुदी पडद्यामागे उभी होती. तिच्याही डोळ्यांना धारा लागल्या, आणि तिने त्या पुसल्या नाहीत.

अठ्ठावीस तारीख. सभागृह भरलेलं. दिलवाले पहिल्या रांगेत. कमिटीतले बाहेरून आलेले एक प्रोफेसर फारच कडक. त्यांनी काकांना खुर्चीत बसवून प्रश्नांची सरबत्ती लावली. आज कौन-सा दिन है, कौन-सा शहर है, सौ में से सात घटाइए. काकांनी सगळं सांगितलं. मग प्रोफेसरांनी विचारलं, नौकरी में क्या करते थे?

“सातारा डेपो!” काका ताठ बसले आणि मोडक्या हिंदीत सुरू झाले. “सुबह पाँच पैंतालीस, पुणे. छह दस, महाबलेश्वर. छह पच्चीस, कराड...” थांबेचनात. संध्याकाळच्या गाड्यांपर्यंत आले, तेव्हा प्रोफेसर हसून हात जोडते झाले.

“बहुत ख़ूब,” ते म्हणाले. “लेकिन डॉक्टर सबनीस, तीन हफ़्ते तक आपने वह गोली पकड़ी क्यों नहीं? थैलेवाला नियम तो आपका ही था।”

डॉक्टर रस्तोगींनी कपाळाला हात लावला. एखादी सबब सांगून वेळ मारून नेता आली असती. कौमुदी उठली.

“सर, मी पिशवी मागितलीच नाही,” तिने हिंदीत सांगितलं. “एक तर नातेवाईक औषधांचे वैज्ञानिक होते, त्यामुळे मी दबले. आणि दुसरं...” मागच्या रांगेत देवदत्त बसला होता. “दुसरं म्हणजे, ते मला आवडायला लागले होते. आवडत्या माणसावर डॉक्टर संशय घेत नाही. तिथेच चूक होते. मी दिल्लीला दोन वर्षं हेच शिकून आले होते, तरी झाली. आणि ती पकडली झेबाने, जिला या वॉर्डात येऊन चारच आठवडे झाले होते. सर, कमिटीला बघायचं होतं, हे सहा जण काय शिकले. हे शिकले. आपल्या मॅडमना सगळ्यांदेखत थांबवायला शिकले. बाबूजी भुलक्कड नव्हते. आपण त्यांना विचारायला विसरलो होतो.”

मग दिलवाल्यांचाच एक म्हातारा प्रोफेसर टाळ्या वाजवायला लागला, आणि मग काय विचारता, सगळं सभागृह! डॉक्टर रस्तोगींनी कमिटीशी दोन मिनिटं कुजबुज केली आणि माइक ओढला. “कोर्स पक्का। और सीटें छह नहीं, बारह।” सहाही पोरं खुर्च्यांवर चढून ओरडली. झेबा सगळ्यांत मोठ्याने.

बाहेर व्हरांड्यात कोवळं ऊन होतं. देवदत्त तिच्या मागोमाग धावत आला आणि समोर उभा राहून धापा टाकत राहिला.

“सव्वा महिना मी जानकीपुरमपासून इथपर्यंत येताना दर वेळी एक वाक्य तयार करत होतो,” तो म्हणाला.

“कुठलं?”

“आता विसरलो.”

“तपासायला हवं तुम्हाला.”

“कौमुदी, चेष्टा नको... तू सगळ्यांसमोर बोललीस. मी साधं एकांतातही बोलू शकलो नाही.” त्याने श्वास घेतला. “मला तू हवी आहेस. लग्न करशील माझ्याशी?”

“हो,” कौमुदी म्हणाली. मग तिला वाटलं, एवढंसं उत्तर पुरणार नाही. “हो! अगदी हो!” असं ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की दारातून काठी टेकत येणारे काका जागच्या जागी थांबले.

“झालं का तुमचं?” ते म्हणाले. “मग पोरी, तुझ्या आईबाबांना सांग, रविवारी येतो म्हणून. मी येतो. हा बोलायला लागला तर पुढचा डिसेंबर उजाडेल.”

मे महिन्यात लग्न झालं आणि जुलैत बारा जणांची तुकडी आली. तिला पहिल्या दिवशी शिकवायला झेबा उभी राहिली. नव्या डॉक्टरांनी वह्या उघडल्या, पेनं सरसावली. झेबाने फळा पुसला, मागच्या बाकावर बसलेल्या कौमुदीकडे बघून डोळे मिचकावले आणि सुरुवात केली, “पहला सबक़। हमारी मैडम को एक बार इश्क़ हो गया था...”

त्यानंतर तुकड्यांमागून तुकड्या आल्या. दर वेळी पहिला धडा हाच असतो, आणि दर वेळी कौमुदी तो ऐकायला मागच्या बाकावर येऊन बसते.